नऊ पात्यांचं चाक

जिंतूरहून येलदरीला गेलं की पूर्णा नदी भेटते ती धरणाच्या रूपात. भिंत चार किलोमीटरांहून लांब, नेमकं सांगायचं तर 4,232 मीटर. पायथ्याशी जलविद्युत केंद्र. साडेसात मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॅट. आजच्या हिशेबात ही वीज थोडीच, पण ती तयार होताना काय घडतं ते नीट पाहावं. कोंडलेलं पाणी वाट मिळताच खाली धावतं, वाटेतल्या चाकाला फिरवतं, चाकासोबत आस फिरतो आणि आसासोबत जनित्र. काम करून पाणी पुढे जातं, सिद्धेश्वर धरणात पुन्हा अडतं आणि तिथून कालव्यांनी शेतांत पोचतं. या सगळ्यात पाण्याचा थेंबही खर्च होत नाही. खर्च होते ती त्याची उंची.

ही अक्कल माणसाने गेल्या दोनेकशे वर्षांत कमावली. जंतूंना ती अब्जावधी वर्षांपासून अवगत आहे. क्षयाच्या जंतूत धरणाची भिंत म्हणजे पेशीभोवतीचं पातळ पटल. पाणी म्हणजे प्रोटॉन, हायड्रोजनचे धनभारित कण. जंतू अन्न जाळतो ते हे कण पटलाबाहेर उपसून कोंडण्यासाठी. कोंडलेले कण आत परत यायला धडपडतात आणि त्यांना वाट मिळते ती एका चाकातूनच. एकाच प्रथिनाचे नऊ सारखे उपघटक गोल कडं करून उभे राहतात, तेच हे चाक. शास्त्रज्ञांनी त्या उपघटकाला साधं नाव दिलं आहे, ‘सी’. हे चाक अडकवणारी गोळी 2012 च्या अखेरीस औषध म्हणून मान्य झाली. ती आपल्या रुग्णांना मिळावी म्हणून जी झुंज झाली, तिचा मोठा भाग मुंबईत घडला. येलदरीच्या भिंतीपासून सुरुवात केली ती एवढ्यासाठी, की हे चाक कळायला पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा धरण अधिक उपयोगी पडतं.

क्षय आपल्याकडे नवा नाही. आयुर्वेद त्याला राजयक्ष्मा म्हणतो आणि पुराणांनी तो चंद्रालाही लावून दिला आहे. जंतू मात्र उशिरा सापडला. 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू ओळखल्याचं जाहीर केलं. त्यानंतर पाच वर्षंही पूर्ण झाली नव्हती, तोच 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात आनंदीबाई जोशी गेल्या. वय बाविशीच्या आत. आदल्याच वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या होत्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. आनंदीबाईंची गोष्ट आपण शिक्षणाची आणि जिद्दीची म्हणून सांगतो, ते योग्यच. पण ती क्षयाचीही गोष्ट आहे. रोगाचं कारण माहीत झालेल्या जगात, औषध नसल्यामुळे एक डॉक्टर गेली. कारण कळणं आणि इलाज मिळणं यांत केवढं अंतर पडतं, ते या एका मृत्यूत दिसतं. पुढच्या सव्वाशे वर्षांत हेच अंतर पुन्हा पुन्हा समोर येणार होतं.

मधली साठ वर्षं हवापालटाची. पाचगणीची थंड हवा, मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं क्षय आरोग्यधाम, अंथरुणावरची महिनोन्‌महिन्यांची विश्रांती, दूध आणि अंडी. काही बरे झाले, पुष्कळ झाले नाहीत. ज्यांना पाचगणी परवडत नव्हती त्यांच्या नोंदीही फारशा राहिल्या नाहीत.

1943 साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. क्षयावरचं हे पहिलं खरं औषध. ते नेमकं काय करतं हे पुढे उलगडलं. पेशीत प्रथिनं घडवणारा कारखाना असतो, रायबोसोम. त्याचे दोन भाग, एक मोठा आणि एक लहान. स्ट्रेप्टोमायसिन जंतूच्या लहान भागाला चिकटतं आणि जंतू चुकीची प्रथिनं घडवू लागतो. एवढं मोठं यंत्र बिघडवायला त्याच्या एका भागावर बोट ठेवलं तरी पुरतं, हा धडा इथे मिळाला.

सोबत दुसरा धडाही मिळाला, कडू. आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका फार पूर्वी स्वतंत्र जंतू होत्या. म्हणून त्यांचे रायबोसोम जंतूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते असतात. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याची भावंडं, विशेषतः कॅनामायसिन, कानाच्या आतल्या नाजूक केसपेशींना मारू शकतात, आणि हे साम्य त्यामागच्या कारणांपैकी एक आहे. मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. क्षय बरा झाला पण ऐकू येणं कायमचं गेलं, अशी माणसं जगभर झाली. औषधाने धरायचा उपघटक शत्रूकडे हवा आणि आपल्याकडे नको, किंवा निदान बराच वेगळा हवा, एवढी साधी ही अट. ती पाळणं किती अवघड आहे, ते या रुग्णांनी स्वतःच्या कानांनी भोगलं.

1952 मध्ये आयसोनियाझिड आलं. 1956 पासून मद्रासच्या क्षयरोग उपचार केंद्राने एक मोठा प्रश्न तपासला: गरीब घरात, दाटीवाटीत, साध्या जेवणावर राहून गोळ्या घेतल्या तर रुग्ण आरोग्यधामातल्यांइतकाच बरा होतो का? उत्तर आलं, होतो. आरोग्यधामांची सद्दी या भारतीय अभ्यासाने संपवली. साठच्या दशकाच्या शेवटी रिफॅम्पिसिन बाजारात आलं. त्याचं लक्ष्यही एक उपघटकच, जनुकांची नक्कल उतरवणाऱ्या विकराचा ‘बीटा’ नावाचा भाग. त्याच्या जनुकातल्या जेमतेम 81 अक्षरांच्या पट्ट्यात एखादं अक्षर बदललं, की रिफॅम्पिसिन बहुधा निकामी होतं. आज सरकारी रुग्णालयात बेडका घेऊन ‘सीबीनॅट’ करायला सांगतात, तेव्हा ते यंत्र दोनेक तासांत हाच पट्टा तपासत असतं.

आता पुन्हा येलदरीला येऊ. धरणाचं काम सुरू झालं 1958 मध्ये, मुंबई राज्य असताना. ते संपलं 1968 मध्ये, महाराष्ट्र राज्यात. भिंत चढत होती त्याच काळात, 1961 साली, एडिंबरा विद्यापीठातल्या पीटर मिचेल यांनी ‘नेचर’मध्ये एक लेख लिहिला. पेशी आपली ऊर्जा कशी साठवते हा तेव्हाचा मोठा पेच होता. अन्न जाळल्यावर सुटलेली ऊर्जा एखाद्या मधल्या रसायनात बांधली जात असणार, असं सगळे धरून चालले होते आणि ते रसायन वर्षानुवर्षं शोधत होते. मिचेल म्हणाले, असं रसायनच नाही. पेशी पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन कोंडते आणि त्यांच्या परतीच्या ओढीतून काम करून घेते. म्हणजे पेशीत धरण आहे. तज्ज्ञांनी ही कल्पना उडवून लावली. मिचेल यांची प्रकृतीही ढासळली. त्यांनी विद्यापीठ सोडलं, कॉर्नवॉलमधला एक मोडकळीला आलेला जुना वाडा दुरुस्त करून तिथे छोटी प्रयोगशाळा उभारली आणि जेनिफर मॉयल या सहकाऱ्यासोबत काम चालू ठेवलं. 1978 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

धरण मान्य झालं, तरी टर्बाइन कसं चालतं हे ठाऊक नव्हतं. अमेरिकेतले पॉल बॉयर म्हणत होते की हे चाक ज्या विकराचा भाग आहे, त्याचा आतला भाग गरगर फिरत असावा. विकराच्या डोक्यात तीन खोबण्या आहेत. आस फिरला की तिन्हींचे आकार पाळीपाळीने बदलतात. एक कच्चा माल घेते, दुसरी दाबून जोडते, तिसरी तयार झालेला रेणू बाहेर सोडते. त्या रेणूचं नाव एटीपी, पेशीचं चलनी नाणं. 1994 मध्ये केंब्रिजच्या जॉन वॉकर यांनी गायीच्या हृदयातून घेतलेल्या या विकराची रचना अणू-अणूच्या पातळीवर मांडली, आणि तिन्ही खोबण्या खरोखरच तीन वेगळ्या अवस्थांत दिसल्या. तीन वर्षांनी जपानी शास्त्रज्ञांनी कमाल केली. विकराचं डोकं काचेवर पक्कं बसवलं, आसाला प्रथिनाचा एक चमकणारा धागा जोडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा फिरताना डोळ्यांनी पाहिला. त्याच वर्षी, 1997 मध्ये, बॉयर आणि वॉकर नोबेलचे मानकरी झाले.

क्षयजंतूच्या वर्गातल्या या चाकाला नऊ ‘सी’ उपघटक, जणू नऊ पाती. प्रत्येक पात्यावर एक आम्लधर्मी जागा आहे, तिथे एक प्रोटॉन बसतो. तो बसला की चाक एक घर सरकतं आणि पुढचं पातं वाटेवर येतं. नऊ प्रोटॉन गेले की एक फेरा पुरा, आणि एका फेऱ्यात तीन एटीपी. गायीच्या आणि माणसाच्या चाकाला पाती आठच. माणसाच्या अंगात ही चाकं दिवसभरात एवढं एटीपी पुन्हा पुन्हा घडवतात, की त्याचं एकूण वजन माणसाच्या वजनाइतकं भरावं. येलदरीला संच तीन आणि या विकराच्या डोक्यात खोबण्या तीन, हा निव्वळ योगायोग. पण एकदा लक्षात आल्यावर तो मनातून जात नाही.

हे सगळं शुद्ध जिज्ञासेचं संशोधन होतं. मिचेल, बॉयर किंवा वॉकर क्षयावर औषध शोधत नव्हते. औषध शोधणारे दुसरेच होते, आणि त्यांना हे चाक डोळ्यांपुढे ठेवून सुरुवात करता आली नव्हती. बेल्जियममध्ये यान्सेन या कंपनीत कून आन्द्रिस आणि त्यांचे सहकारी क्षयजंतूच्या एका निरुपद्रवी, भराभर वाढणाऱ्या चुलतभावावर रसायनांमागून रसायनं तपासत होते. क्षयाचा जंतू धोकादायक आणि वाढायला अतिशय मंद, म्हणून ही युक्ती. त्यांतलं एक रसायन जंतूंना मारत होतं, पण कशामुळे ते उमगत नव्हतं. मग त्यांनी त्या रसायनातही तगून राहिलेले जंतू निवडले आणि त्यांची जनुकं वाचून पाहिली. बदल सापडला तो ‘सी’ उपघटकाच्या जनुकात. औषध आधी हाती आलं, त्याचं लक्ष्य मागून. 2005 साली ‘सायन्स’मध्ये हा शोध छापून आला. या रसायनाचं पुढचं नाव बेडाक्विलिन.

2015 साली चाकाला चिकटलेल्या बेडाक्विलिनचं चित्र मिळालं आणि त्याची करामत स्पष्ट झाली. प्रत्येक पात्यावर जिथे प्रोटॉन बसायचा, नेमक्या त्याच जागेवर हा रेणू घट्ट बसतो. टर्बाइनच्या पात्यांत ओंडका अडकावा तसं चाक थांबतं. बाहेर प्रोटॉन कोंडलेलेच राहतात आणि आत एटीपी आटत जातं. जंतू लगेच मरत नाही. पहिले काही दिवस शिलकीवर काढतो, मग ढासळतो.

मला या औषधातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती पुढची. क्षयाचा इलाज एवढा लांबतो, कारण काही जंतू निद्रिस्त होऊन पडून राहतात. वाढत नाहीत, म्हणून वाढ रोखणारी औषधं त्यांना फारशी लागू पडत नाहीत. मराठवाड्यातल्या वाचकाला ही अवस्था समजावून सांगायची गरज नाही. जिवंत साठा संपला की धरणात उरतो तो मृतसाठा. केंद्र बंद, कालवे कोरडे, तरी तळाच्या त्या पाण्यावर गावं उन्हाळा काढतात. निद्रिस्त जंतूही असाच मृतसाठ्यावर जगतो. त्याचं एटीपी अगदी थोडं असतं, पण ते संपून चालत नाही. 2008 मध्ये छापलेल्या संशोधनाने दाखवलं, की बेडाक्विलिन या निजलेल्या जंतूंनाही मारतं, कारण ते त्यांचा तो शेवटचा साठाच तोडतं.

आणि आपलं चाक? ते त्याच घराण्यातलं, म्हणून भीती रास्त होती. 2009 च्या एका अभ्यासात आढळलं, की जंतूचं विकर अडवायला लागतं त्याच्या वीस हजार पटींहून अधिक औषध मानवी विकर अडवायला लागतं. औषध अगदी निर्धोक नाही. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून रुग्णाचा ईसीजी वरचेवर काढावा लागतो. तरी कान घालवणाऱ्या इंजेक्शनांपुढे हा फार मोठा दिलासा होता.

दिलाशाची गरज किती होती, ते मुंबईने जगाला दाखवलं. डिसेंबर 2011 मध्ये हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात चार रुग्णांची माहिती छापली. त्यांच्या जंतूंवर हाताशी असलेलं एकही औषध चालत नव्हतं. जानेवारी 2012 मध्ये ही बातमी जगभर गेली. ‘संपूर्ण औषधरोधक’ हा शब्दप्रयोग सरकारला मान्य नव्हता आणि त्यावर वाद झाला. वाद शब्दाचा होता, रुग्ण खरे होते. त्याच वर्षी मे महिन्यात क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची सरकारकडे नोंद करणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं.

28 डिसेंबर 2012 रोजी अमेरिकेने बेडाक्विलिनला मान्यता दिली. क्षयासाठी नव्या जातीचं औषध येऊन चाळीस वर्षं उलटली होती. भारतात ते सरकारी कार्यक्रमातून मिळू लागलं 2016 मध्ये, तेही देशभरातल्या सहा केंद्रांतून. त्यांतलं मुंबईतलं केंद्र म्हणजे शिवडीचं क्षयरोग रुग्णालय. बाकीच्यांनी काय करायचं? एका अठरा वर्षांच्या मुलीच्या वडिलांना या औषधासाठी दिल्ली उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं, आणि जानेवारी 2017 मध्ये तिला ते मिळालं. नवं औषध जपून वापरावं, नाहीतर जंतू त्यालाही सरावतील, हा सरकारचा युक्तिवाद शास्त्राला धरून होता. पण ज्या रुग्णापुढे दुसरा पर्यायच उरलेला नाही, त्याच्यासाठी औषध जपून ठेवायचं म्हणजे कोणासाठी ठेवायचं, याचं उत्तर त्या युक्तिवादात नव्हतं.

मुंबईची नंदिता वेंकटेशन ही पत्रकार आणि भरतनाट्यम नर्तकी. तिला आतड्याचा क्षय दोनदा झाला. दुसऱ्या खेपेला 2013 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, इंजेक्शनांमुळे तिचं ऐकणं गेलं. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले हिनेही क्षयाच्या औषधांपायी असंच गमावलं होतं. इकडे यान्सेनची मूळ कंपनी जॉन्सन अँड जॉन्सन हिचं बेडाक्विलिनवरचं मुख्य पेटंट जुलै 2023 मध्ये संपणार होतं, पण औषधाच्या एका क्षाराच्या रूपावर दुसरं पेटंट मागून मक्तेदारी 2027 पर्यंत लांबवण्याचा कंपनीचा प्रयत्न होता. 2019 मध्ये या दोघींनी मुंबईच्या पेटंट कार्यालयात त्या अर्जाला हरकत घेतली. भारतीय पेटंट कायद्याचं कलम 3(ड) सांगतं, की माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाने गुण खरोखर वाढत नसेल तर पेटंट मिळणार नाही. 23 मार्च 2023 रोजी अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशी जागतिक क्षयरोग दिन होता, कॉख यांच्या घोषणेचा दिवस.

या निकालाचं मोल आकड्यांत दिसतं. 2020 साली विकसनशील देशांसाठी सहा महिन्यांच्या बेडाक्विलिनची किंमत 340 डॉलर होती. ऑगस्ट 2023 मध्ये ती 130 डॉलरवर आली, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या लुपिनची गोळीही जगाच्या खरेदीच्या यादीत दाखल झाली. चाक शोधणाऱ्यांना नोबेल मिळालं, तो त्यांचा हक्कच होता. पण ते चाक अडकवणारी गोळी गरिबाच्या हातात पडावी म्हणून ज्या दोन मुलींनी पेटंट कार्यालयाची पायरी चढली, त्यांचं नाव या इतिहासात वॉकर आणि बॉयर यांच्या पंगतीला यायला हवं, असं मी मानतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये बेडाक्विलिनला पहिल्या रांगेत घेतलं आणि कॅनामायसिनची इंजेक्शनं मागे सारली. पूर्वी दीड-दोन वर्षं चालणारा औषधरोधक क्षयाचा इलाज आता पुष्कळ रुग्णांत चार गोळ्यांच्या जोडणीने सहा महिन्यांत पुरा होतो. सप्टेंबर 2024 मध्ये भारत सरकारने ही पद्धत स्वीकारली.

जंतू मात्र गप्प बसलेला नाही. ‘सी’ उपघटकात बदल करणं त्याला महागात पडत असावं. रुग्णांमध्ये ते क्वचितच दिसतं. त्याहून सोपी वाट त्याने काढली आहे. आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप तो जास्त जोराने चालवतो. बेडाक्विलिन शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळतं. रुग्णाने इलाज मध्येच सोडला, की बाकीची औषधं लवकर निघून जातात आणि हे एकटंच, कमी कमी होत, जंतूंसमोर उरतं. जंतूला सराव करायला याहून चांगली संधी नाही. चाळीस वर्षं वाट पाहून मिळालेलं औषध अर्धवट इलाजांनी काही वर्षांत वाया जाऊ शकतं.

म्हणून जिंतूर, सेनगाव, परभणीकडच्या आणि एकूणच वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. गोळ्या सुरू झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटू लागतं. तेव्हाही डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत त्या थांबवू नका.